सांध्याशी अडलेली बांगडी

गोदा गेली त्याच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही बांगड्या वाजवल्या. म्हणजे वाजवल्या मी, ऐकल्या तिनं.

काचेची बांगडी फुटायच्या आधी तडकते, आणि तो तडा डोळ्याला दिसत नाही. दोन बांगड्या एकमेकींवर हलके टेकवायच्या. धड असेल ती खणखणीत बोलते, तडकलेली असेल ती घसा बसल्यासारखी वाजते. तडकलेली हातात भरली तर काच रुतते, म्हणून नवा माल आला की वाजवून घ्यावा लागतो. गोदा खाटेवर, पाठीला दोन उशा लावून. मी खाली पोत्यावर.

"ही?"

"चांगली."

"ही?"

"काढा ती."

मी एक चांगली बांगडी मुद्दाम परत वाजवली. तिचे डोळे मिटलेले होते.

"मघाचीच हाय. म्हातारीला फसवता?"

"बघत होतो, कान जिवंत हायेत का."

"कान शेवटी जातात. आधी तुमची अक्कल जाईल."

मी लिहिणारा माणूस नाही. जव्हारच्या शाळेत चौथी झालो आणि बापानं बांगड्यांची पेटी डोक्यावर दिली, ती अजून उतरली नाही. पण बाई मेली की लोक तिला देवी करून टाकतात. आमची गोदा देवी नव्हती. भांडायची, खोटं बोलायची, भजी एकटी खायची. म्हणून म्हटलं, दुसऱ्या कोणी काही बोलायच्या आत आपणच लिहावं.

आम्ही कासार. दुकान जव्हारला, घराच्या पुढच्या खोलीत. मोखाड्याचा बाजार, लग्नसराईत पोशेऱ्याचे, सूर्यमाळचे पाडे. पेटी मी उचलायची, बांगड्या तिनं भरायच्या. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी एका बाईच्या हातात बांगड्या भरायला बसलो, तर ती बाई रडली. गोदानं मला उठवलं आणि म्हणाली, "तुम्ही बैल हाकायचे हात घेऊन आलाय. पेटी धरा." तेव्हापासून मी पेटी धरली.

तिची भरायची रीत वेगळी होती. बाई समोर बसली की हात हातात घ्यायची, अंगठ्याच्या मुळाशी दाबत राहायची आणि बडबड करायची. गुरं कशी, नागली किती झाली, असलंच. बांगडी बोटांवरून सांध्यापर्यंत आली की मात्र नेमका नको तो प्रश्न. "सासू बोलते का आता?" किंवा "नवरा म्हणं वसईला कामाला गेला तो तिकडंच रमला?" बाई चमकून वर बघायची, तोंड उघडायची, आणि तेवढ्यात बांगडी मनगटात.

"हात राखत असला की बांगडी जात नाय," ती म्हणायची. "हात विसरला पाहिजे."

नावं तिच्या लक्षात राहत नसत, मापं राहत. बांगडीची मापं दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ अशी असतात. ती आख्ख्या तालुक्याला मापानं ओळखायची. "ती पोशेऱ्याची दोन-चार बाळंत झाली." "सूर्यमाळची दोन-आठ भांडून माहेरी आली." रस्त्यात एखादी बाई हाक मारायची, "कठं जास, मावशे?" तर ही आधी तिच्या हाताकडं बघायची आणि मग तोंडाकडं.

मापावरून तिला भलत्याच गोष्टी कळायच्या. पाड्यावर एक फार वाईट साल गेलं होतं. पोरं गेली होती. त्या साली वावर गावाच्या बाजूला मोठ्या बायांच्या हातात लहान पोरींच्या बांगड्या सहज जायला लागल्या. घरी आली आणि म्हणाली, "आज एकाही बाईला दाबावं लागलं नाय." त्या दिवशी ती जेवली नाही. मी पेटी आत ठेवली.

आम्हाला मूलबाळ नाही. पोशेऱ्याला एकदा सातव्या महिन्याच्या ओटीला हिरव्या बांगड्या भरायला बसली, तर त्या पोरीची सासू कुजबुजली की वांझेच्या हातची बांगडी कशाला. गोदानं ऐकलं. बांगडी चढवतच म्हणाली, "बांगडी माझी, पोर हिचं. माझ्या पेटीत पोरं नसतात, आजी, काच असते. हवं तर उघडून बघा." सगळ्या बाया हसल्या. ती सासू पुढं आमची कायमची गिऱ्हाईक झाली आणि दर वेळी घासाघीस करायची.

मग खोकला आला.

आधी सगळ्यांना वाटलं टीबी. आमच्याकडं खोकला म्हणजे टीबीच. थुंकी तपासली, त्यात काही निघालं नाही. फोटोत काही दिसलं म्हणून नाशिकला धाडलं. तिथं छातीतल्या गाठीचा तुकडा काढला. तपासणीचं उत्तर आलं त्या दिवशी मी चहा आणायला गेलो होतो. परत आलो तर ही बाहेर बाकड्यावर. एसटीत चढताना म्हणाली, "अहो, पिशवीचा पट्टा तुटलाय का बघा."

मी वाकून बघायला लागलो.

"कॅन्सर हाय," ती म्हणाली.

मी पट्टाच बघत राहिलो. पट्टा चांगला होता. मागचा माणूस म्हणाला, "बाबा, चढा ना." त्र्यंबक येईपर्यंत मला कळलं की तिनं माझ्यावर तिचीच रीत चालवली होती. चिडलो. ती म्हणाली, "सरळ सांगितलं असतं तर तुम्ही पायरीवर पडला असतात."

पुढच्या खेपेला डॉक्टरबाईंनी नीट समजावलं. तरुण बाई, हात मोकळे. गोदानं बसल्या बसल्या त्यांचा हात हातात घेतला. त्यांना वाटलं घाबरली, म्हणून त्या पाठ थोपटायला लागल्या. गोदा म्हणाली, "डावा दोन-चार, उजवा दोन-सहा. पुढच्या वेळी आणते."

"मावशी, आधी आजाराचं बोलू."

"बोला की. मी ऐकतेच हाय."

बाईंनी सांगितलं ते मला कळलं तसं लिहितो. आपलं अंग बारीक बारीक पेशींचं. पेशीच्या कातडीवर रिसेप्टर नावाची वस्तू असते, म्हणजे बाहेर काढलेला हात समजा. बाहेरून सांगावा येतो, हातात बसतो, हात मिटतो, आणि आत हुकूम जातो की वाढा. सांगावा गेला की हात उघडतो, काम बंद. गोदाच्या गाठीत त्या हाताच्या घडणीत एक बारीकशी चूक झाली होती. हात मिटलेलाच राहिला. सांगावा नसतानाही आत हुकूम चालू, वाढा, वाढा, वाढा.

"कोणी ऐकत नाय तरी ओरडणारी बाई," गोदा माझ्याकडं बघून म्हणाली, "घरोघरी असते."

"ह्या एका चुकीसाठी एक गोळी आहे," बाई म्हणाल्या. "ती त्या रिसेप्टरच्या आतल्या खोबणीत जाऊन बसते आणि हुकूम थांबवते. गंमत अशी की तुमच्या ह्या चुकीमुळंच ती तिथं जास्त चांगली बसते. चांगल्या रिसेप्टरला तेवढी बसत नाही."

"म्हणजे वाकड्या हाताच्या मापाची बांगडी."

"तसंच म्हणा. चांगल्यांनाही थोडी बसते, म्हणून अंगावर पुरळ येईल, पोट बिघडेल."

पुरळ आलं. तोंडभर. साठी उलटलेल्या बाईला पुटकुळ्या. मोखाड्याच्या बाजारात बायांनी विचारलं, "काय झाला, मावशे?" तर ही म्हणाली, "वयात आले." पण खोकला गेला. गोळी सुरू झाली आणि दोन बाजारांत ती पेटीशेजारी बसायला लागली. मला वाटलं होतं की ही होळी बघत नाही, तर हिनं होळीला शेजारणीशी पुरणपोळीवरून भांडण केलं. एका गोळीनं! मला त्या गोळीच्या पाया पडावंसं वाटायचं.

त्याच दिवसांत आमच्या गल्लीतला एक दुकानदार आला. त्याच्या मेव्हण्याला फुप्फुसाचाच कॅन्सर. म्हणाला, "वहिनी, तुमच्या चार गोळ्या द्या, तुम्हाला एवढा गुण आला." गोदानं दिल्या नाहीत. "आधी त्याचं माप काढून आणा," म्हणाली. "त्याचा हात दुसऱ्या ठिकाणी वाकडा असला तर ही गोळी नुसती पोटातून जायची." तो रागावून गेला. बाहेर सांगत सुटला की कासारीण गोळ्यांनाही माप विचारते. पुढं त्याच्या मेव्हण्याची तपासणी झाली आणि त्याला वेगळंच औषध निघालं. दुकानदार आम्हाला काही सांगायला आला नाही. तिनंही विचारलं नाही, पण त्याच्या बायकोला बांगड्या भरताना दोन जास्त भरल्या. दान नव्हे, टोमणा होता तो.

दुसरा पावसाळा सरला आणि खोकला परत आला.

ती मला बोलली नाही. रात्री तोंडात पदर कोंबायची. मला वाटायचं थंडीचं आहे. मग एक दिवस पोट असं बिघडलं की उठता येईना, ओठ सुकले, डोळे आत गेले. गोळ्यांचं पाकीट काढलं तर ते अजून पुरायला हवं होतं, आणि संपत आलेलं.

"गोदे, गोळ्या कुठं गेल्या?"

तिनं गोधडी वर ओढली.

"गोदे."

"दोन-दोन घेतल्या," ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली. "अडली होती. म्हटलं जरा जोर लावून बघू."

कासारणीशिवाय दुसऱ्या कोणाला हे सुचलं नसतं. बांगडी सांध्याशी अडली की आम्ही काय करतो? साबण लावतो, हात चोळतो, आणि थोडा जोर लावतो. बहुतेक वेळा जाते. तिनं कॅन्सरलाही तेच केलं.

जीप करून नाशिकला नेली. सलाईन लावल्यावर डोळ्यांत जीव आला, आणि मग डॉक्टरबाईंनी जी झाडली ती मला अजून ऐकू येते. "मावशी, गोळी कमी पडत नव्हती. बहुतेक बसायची जागाच बदललीय. दहा घेतल्या असत्या तरी बसली नसती, तुम्ही मात्र गेला असता."

गोदा पोरीसारखी खाली बघत होती. मी आयुष्यात पहिल्यांदा तिला कोणी बोललं आणि ती गप्प राहिली असं बघितलं. मला वाईट वाटलं आणि थोडं बरंही वाटलं.

मग तिनं विचारलं, "मनगट सुजलं की सांधा वाढला?"

बाईंना ते कळायला थोडा वेळ लागला. "सांधा," त्या म्हणाल्या. "गोळी जिथून खोबणीत शिरते तिथंच एक जाडसर तुकडा आलाय, असं मला वाटतं. पण वाटून उपयोग नाही. रक्त तपासू. तोच बदल असेल तर दुसरी गोळी आहे. तो नसेल तर सलाईनमधली कडक औषधं, आणि ती तुम्हाला कितपत झेपतील मला सांगता येत नाही."

"त्या गाठीला कसं कळलं, गोळी कुठून येते ते?" गोदानं विचारलं. "बसून बसून हुशार झाली?"

"नाही. तिला अक्कल नसते. एवढ्या पेशींत एखादीचा सांधा आपला असाच वाढलेला होता. गोळीनं बाकीच्या मारल्या, ही वाचली. मग तिचीच पिल्लं."

"सगळं गाव उठून गेलं आणि एक घर मागं राहिलं, तर पुढं गाव त्याचंच," गोदा म्हणाली. "त्यात त्या घराची काय हुशारी?"

"बरोबर."

उत्तर यायला लागले ते दिवस मला नको होते. तिला काही वाटत नसल्यासारखी ती वागायची. पण दुकानात एक बाई आली, तिच्या हातात बांगडी अडली, तर गोदानं लगेच काढून घेतली. जोर नाही, साबण नाही. "मोठं माप घे," म्हणाली. बाई म्हणाली, "दर वेळी हीच जाते मावशे, जरा दाब ना." "नाय," गोदा म्हणाली. मग मला आतून आवाज, "अहो, ती फिरकीची काढा, पेच असलेली."

फोन आला तेव्हा मी अंगणात होतो. तोच बदल होता. दुसरी गोळी होती.

ती गोळी देताना बाईंनी सांगितलं की ही वेगळ्या आकाराची, त्या जाड तुकड्याला वळसा घालून आत जाते आणि तिथं पकडूनच बसते, सुटत नाही. गोदानं माझ्या दंडावर एवढ्या जोरात मारलं की मी उठून उभा राहिलो. "पेचाची पाटली! सांध्यावरून न्यायचीच नाय, उघडायची, मनगटाला लावायची आणि पेच फिरवायचा."

डॉक्टरबाई हसल्या. त्या दिवशी गोदानं त्यांना बांगड्या भरल्या. डावा दोन-चार, उजवा दोन-सहा. बाई म्हणाल्या, मला ड्युटीत चालत नाहीत. ही म्हणाली, "संडेला घाला."

त्या गोळीवर दोन लग्नसराया काढल्या. पाड्यावर चढवत नसे, तर बाया खाली रस्त्याला यायच्या. एक म्हातारी तिच्यासाठी वाटीभर मध घेऊन आली आणि म्हणाली, "माना वाटला तू मेलीस." गोदा म्हणाली, "मेले होते. तुझी उधारी राहिली म्हणून परत आले."

ह्या हिवाळ्यात छातीत पाणी झालं. नाशिकला सुईनं काढलं. बाई ते तपासायला पाठवणार होत्या, आणि त्यांनी हेही सांगितलं की ह्या खेपेला बदल कुठला ते कळलं तरी त्यावर गोळी असेलच असं नाही.

"शोधणारे असतात ना कुठं?" गोदा म्हणाली. "त्यांनाही द्या त्यातलं पाणी. त्यांना हात बघितल्याशिवाय बांगडी कशी करता येईल?" सही केली, मोठ्या मोठ्या अक्षरांत. मग म्हणाली, "बाई, एक करा. मरायचं तर मी मरेन, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. पण अडवलं कशानं ते मला सांगा. अर्धवट ठेवू नका."

घरी परतल्यावर रोज सकाळी एकच. "फोन आला?"

"नाय."

"तुमचा फोन बिघडला असेल."

"फोन बरा हाय."

"मग बाई विसरल्या."

हात एवढे वाळले होते की बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. मी म्हटलं, लहान माप घाल. म्हणाली, "मी दोन-सहाची हाय, दोन-सहाच घालीन," आणि बांगड्यांना दोरा बांधून घेतला.

त्या दुपारी बांगड्या वाजवून झाल्यावर तिनं पेज मागितली, दोन घोट घेतली. संध्याकाळी मी दिवा लावून आलो तर ती उशीवरून घसरली होती. तोंड दाराकडं, एक हात गोधडीबाहेर. डोळे उघडे होते. माझ्याकडं बघून म्हणाली, "फोन?" मी म्हटलं, "उद्या येईल." तिनं मान हलवली, म्हणजे हो की माझ्यावर विश्वास नाही, ते सांगता येत नाही. मग झोपली. मला झोपच वाटली.

सकाळी गल्लीतल्या बाया आल्या. सवाष्ण गेली, हिरवा चुडा हवा. मला माप विचारलं. मी दोन-सहा सांगितलं. एक म्हणाली, "तात्या, लई मोठ्या होतील." मी म्हटलं, "होऊ दे."

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पायरीवर बसलो होतो. फोन वाजला. डॉक्टरबाई होत्या.

"काका, मावशींना द्या फोन. उत्तर आलंय."

"ती काल गेली," मी म्हटलं.

बाईंच्या मागं दवाखान्याचा आवाज येत होता. मग म्हणाल्या की फार वाईट झालं, की त्यांनी फोन आधीच करायला हवा होता, आणखी काय काय. मी ऐकून घेतलं.

"काय निघालं?" मी विचारलं.

"आता राहू द्या, काका."

"सांगा."

त्या हळूहळू सांगायला लागल्या. सांधा तसाच होता. पण दुसऱ्या गोळीचा पेच ज्या जागी पकडायचा, ती जागाच आता बदलली. गोळी आत जाते, पण तिला पकडायला काही राहिलं नाही. ह्यावर शोध चालू आहे, अजून हातात काही नाही. मावशींचं पाणी पोचलंय तिथं.

मला अर्धं कळलं, अर्धं नाही. गोदा असती तर तिनं मध्येच थांबवून तीन प्रश्न विचारले असते.

"बाई," मी म्हटलं, "पहिल्यापासून सांगा. सावकाश."

"कशाला, काका?"

"ती विचारेल," मी म्हटलं.

बाईंनी पहिल्यापासून सांगायला घेतलं. मी पायरीवरून उठून आत तिच्या खाटेपाशी गेलो, जिथं नीट ऐकू येईल तिथं.